‘लुलू’ला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी तो शेवटपर्यंत ऐकलाय?

घोडबंदरी (धागा सुरू करणारा)

परवा नौपाड्यात मित्राकडे बसलो होतो. त्याचा धाकटा भाऊ माझा फोन घेऊन गाणी चाळत होता. ‘लुलू’ दिसला आणि पोरगं खो खो हसत सुटलं. “दादा, तू हे ऐकतोस? मी टेबल आहे?” म्हटलं, अल्बम ऐकलायस? नाही. निदान ते टेबलवालं गाणं तरी पूर्ण? तेही नाही. त्याने मीम पाहिलंय. अल्बम आला तेव्हा हा बालवाडीत डबा खात होता, पण मत एकदम पक्कं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०११ साली मेटालिका हा मेटल बँड आणि लू रीड हा रॉक गायक-गीतकार यांनी मिळून काढलेला हा अल्बम. ‘मी टेबल आहे’ ही त्यातल्याच एका गाण्यातली ओळ, मेटालिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड म्हणतो ती. दोन सीडी, दहा गाणी, ८७ मिनिटं. शब्द सगळे रीडचे. फ्रांक वेडेकिंड या जर्मन नाटककाराची लुलू नावाच्या बाईवर दोन नाटकं आहेत, १८९५ आणि १९०४ सालची. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनने २०११ मध्येच बर्लिनला ती रंगमंचावर आणली, त्यासाठी रीडने जे लिहिलं तेच इथे आलं. मुळात बेत साधा होता, रीडची जुनी गाणी मेटालिकाने वाजवायची. ऐन वेळी म्हाताऱ्याने बेतच फिरवला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, गात नाही, बोलतो, आणि मागे चार जण रिफ, म्हणजे गिटारचा तोच तोच तुकडा, दळतायत. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या साइटने दहापैकी एक गुण दिला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात १३ हजार प्रती खपल्या. मेटालिकाच्याच त्याआधीच्या ‘डेथ मॅग्नेटिक’च्या पहिल्या तीन दिवसांत ४ लाख ९० हजार गेल्या होत्या. यावरून काय ते समजा.

माझं म्हणणं एवढंच, की मेटलचा अल्बम म्हणून ऐकलात तर हा वाईटच आहे. त्यावर वाद नाही. पण तो मेटलचा अल्बम नाहीच. आपल्याकडे नाटकाच्या खेळालाही ‘प्रयोग’ म्हणतात ना, हा त्या अर्थाने प्रयोग आहे. रीड इथे गायक नाही, पात्र आहे. ती बाई, तिचे पुरुष, शेवटी तिला मारणारा, सगळ्यांचे संवाद हा एकटा म्हणतो. त्याचा आवाज फाटतो, श्वास पुरत नाही, ओळ मधेच सोडून देतो. सुरेल गळ्याच्या माणसाने हेच म्हटलं असतं तर ऐकवलं नसतं.

आणि ‘रीडला गाता येत नाही’ ही तक्रार तर वेल्व्हेट अंडरग्राउंड या त्याच्या जुन्या बँडपासूनची, म्हणजे १९६७ पासूनची आहे. १९७३ ला त्याचा ‘बर्लिन’ आला तेव्हा रोलिंग स्टोनने त्याच्या चिंध्या केल्या होत्या. त्याच मासिकाने २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत ‘बर्लिन’ घेतला. रीड २०१३ मध्ये गेला. पुढे २०१५ मध्ये त्याची बायको लॉरी अँडरसन हिने जाहीर भाषणात सांगितलं, की रॉकमधला दिग्गज डेव्हिड बोवी याच्या मते ‘लुलू’ हे रीडचं सगळ्यात मोठं काम आहे आणि लोकांना ते कळायला ‘बर्लिन’सारखाच वेळ लागेल. बोवीला काय कळतं म्हणा!

तर बोला. पण आधी ‘ज्युनियर डॅड’ पूर्ण ऐका, १९ मिनिटं २८ सेकंद. मग शिव्या घाला.

कोपरीकर

मी खुर्ची आहे.

बेसवाली_वाशी

कोपरीकर, तू बस. अक्षरशः.

घोडबंदरी, मी ऐकलाय. पूर्ण. तीनदा. पहिल्यांदा तो आला तेव्हा, दुसऱ्यांदा रीड गेला तेव्हा, आणि तिसऱ्यांदा मागच्या वर्षी तूच कुठेतरी असंच काहीतरी लिहिलं होतंस म्हणून. तेव्हा ‘ऐकलाच नाही’ हे उत्तर माझ्या बाबतीत चालणार नाही.

मला रीडचा आवाज खटकत नाही. लांबी खटकत नाही. विषय तर अजिबात नाही. मला खटकतं ते हे, की या अल्बममध्ये कोणी कोणाचं ऐकत नाहीये. मी बारा वर्षं बेस वाजवतेय. बेसवाल्याचं अर्धं काम म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं. ‘मिस्ट्रेस ड्रेड’ लावून बघ. जवळपास सात मिनिटं एकच वेगवान रिफ, एकाच जोरात, एकाच उंचीवर. वरून रीड आपला बोलतोय. तो थांबला तरी रिफ तशीच, तो कुजबुजला तरी तशीच. रीड वाशीला बसून बोलतोय आणि बँड ठाण्यात वाजवतोय, मधे ट्रान्सहार्बर लोकल बंद.

तू म्हणतोस नाटक. बरं, नाटक. गडकरी रंगायतनला तिसरी घंटा व्हायच्या आधी निदान दीड-दोन महिने तालीम झालेली असते. नटाने वाक्य कुठे तोडायचं, पार्श्वसंगीत कुठे खाली आणायचं, प्रकाश कुठे मालवायचा, सगळं बांधलेलं असतं. इथे थेट तिसरी घंटा झालीय. प्रयोग आहे, तालीम नाही.

आणि वेल्व्हेट अंडरग्राउंडचं नाव घेतलंस म्हणून सांगते. तिथेही रीड असाच बोलायचा, तिथेही कानठळ्या बसतील असा आवाज होता. पण ड्रमवर मो टकर होती. उभी राहून वाजवायची, झांजांना क्वचितच हात लावायची, बेस ड्रम आडवा घालून त्यावर मॅलेट मारायची. बाई जागा सोडायची. त्या सोडलेल्या जागेत रीड उभा राहायचा. मेटालिकाचा ड्रमर लार्स उलरिक जागा दिसली की तिथे फिल, म्हणजे ड्रमचा भरणा, घालतो. मोकळा प्लॉट दिसला की टॉवर बांधणाऱ्या बिल्डरसारखं.

ट्रान्सहार्बर

बिल्डरवालं बेस्ट होतं. घोडबंदरवाल्याला बरोबर लागलं असणार.

अर्ध्या_हळकुंडात

ड्रमरला शिव्या घालायची संधी कुणी सोडत नाही. मी ड्रमर. मान्य करतो की लार्स माझाही फार लाडका नाही. पण बेसवालीताई, तुमचं अर्धंच बरोबर आहे.

‘मिस्ट्रेस ड्रेड’ तुम्ही मुद्दाम निवडलंत, कारण त्यात तुमचा मुद्दा चटकन बसतो. ‘ड्रॅगन’ घ्या, अकरा मिनिटांचं आहे. सुरुवातीला बराच वेळ रिफ नाहीच. गिटारचा फीडबॅक घोंघावतोय आणि रीड बोलतोय. बँड थांबलाय, वाट बघतोय. मग रिफ पडते ती अशी पडते की छातीत धडकी भरते. ती थांबण्याची कमाई आहे. ‘लिटल डॉग’मध्ये तर ड्रम जवळपास नाहीतच. म्हणजे ऐकणं चालू होतं. सगळीकडे जमलं नाही, एवढंच.

बरंचसं रेकॉर्डिंग एकत्र बसून, सुचेल तसं वाजवत झालंय. मेटालिकाची नेहमीची पद्धत माहितीये ना? एकेका गाण्याचे शेकडो तुकडे, महिनोन्‌महिने चिकटवाचिकटवी. इथे ती सगळी सुरक्षा काढून घेतली. साठी ओलांडलेला एक माणूस समोर बसून कागद वाचतोय, पुढची ओळ कधी येणार, किती लांब येणार, त्यालाही माहीत नाही. अशा वेळी ड्रमर काय करतो? पाठलाग करतो. ते फिल म्हणजे पाठलाग आहे. चुकतो, अडखळतो, पुन्हा गाठतो. मला ते ऐकताना मजा येते, कारण मी स्वतः असा कैक वेळा उघडा पडलोय.

बाकी, २००३ साली मेटालिकाच्या ‘सेंट अँगर’च्या वेळी स्नेअर ड्रमला पत्र्याचा डबा म्हणणारी हीच जनता होती. तेव्हा मीही म्हटलं होतं. आज म्हणतो, तो डबाच होता. त्यामुळे वेळ गेला की सगळंच थोर वाटतं असं नाही, हेही घोडबंदरींनी लिहून ठेवावं.

मासुंदा

मी या वादात उपरा आहे. वय पासष्ट. तलावपाळीला रोज संध्याकाळी दोन चकरा आणि आठवड्याला एक कीर्तन, एवढंच आमचं संगीत. चिरंजीव तुमच्यातले आहेत, त्यांनी हे वाचायला दिलं आणि म्हणाले, बाबा, तुम्ही ऐकून सांगा. दोन गाणी ऐकली.

पहिली गोष्ट, ‘हा माणूस गात नाही, बोलतो’ यात नवल काय ते मला कळलं नाही. आमचे बुवा तासभर बोलतातच. मागे टाळ-मृदंग असतो, पेटी सूर धरून असते, बुवा आख्यान सांगत असतात. मधेच ओरडतात, मधेच रडवेले होतात. आवाज बसलेला असला तरी श्रोता उठत नाही.

दुसरी गोष्ट. बुवांचं निरूपण चालू असतं तेव्हा टाळकरी टाळ छातीशी धरून उभे असतात. मृदंगावर नुसती बोटं. अभंगाचं चरण आलं की मग सगळे एकदम उठतात, आणि ते उठणं अंगावर येतं. ते सात मिनिटांचं जे गाणं मी ऐकलं, त्यात टाळकरी पहिल्यापासून उठलेलेच होते. बुवांचं ऐकू कोणाला येणार? त्या वाशीच्या बाई म्हणतात ते मला पटलं.

तिसरी गोष्ट टेबलाची. गाण्यात तो स्वतःला हे मी, ते मी असं एकेक म्हणवून घेतो, असं चिरंजीवांनी समजावलं. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतही तेच करतात. वृक्षांत पिंपळ मी, नद्यांत गंगा मी. त्यावर कोणी हसल्याचं ऐकिवात नाही. अर्थात तिथे टेबल नाही.

कोपरीकर

काका, तुम्ही या धाग्यातले एकमेव शहाणे. लोकलमध्ये बसून हसतोय, शेजारचा बघतोय.

बेलापूर_टू_बंगळुरू

तुमची संगीतचर्चा चालू द्या. मी साधा फॅन आहे, वाजवत काही नाही. माझी बाजू मांडतो.

ऑक्टोबर २०११. मेटालिका पहिल्यांदा भारतात येणार. दोन कार्यक्रम, २८ ला गुडगाव, ३० ला बंगळुरू. मी तेव्हा एफवायला. दिवाळीच्या आठवड्यात घरातून निघायचं म्हणजे आईशी महायुद्ध. शेवटी तह झाला, भाऊबीज करून जायचं. भाऊबीज नेमकी २८ ला. ओवाळून झालं, ताटात पाकीट टाकलं, आणि टीव्हीवर बातमी, गुडगावचा कार्यक्रम झालाच नाही, लोक स्टेजवर चढले, मोडतोड केली. ताई म्हणाली, “गेलं तुझं मेटालिका.” चकली घशात अडकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तरी आम्ही पाच जण निघालो. सायन-पनवेल हायवेला नेरूळच्या पुलाखाली बस पकडली. रात्रभर कुणी झोपलं नाही. बंगळुरूलाही रद्द झालं तर काय, हीच चर्चा. पॅलेस ग्राउंडवर जेव्हा दिवे गेले आणि पहिली रिफ वाजली तेव्हा माझ्या शेजारी एक सहा फुटी अनोळखी माणूस ढसाढसा रडत होता. मीही.

आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच दिवशी, ३१ ला, हा ‘लुलू’ आला. परतीच्या बसमध्ये एकाने फोनवर उतरवून लावला. पाच जण, एक इअरफोन, आळीपाळीने. मला वाटलं कुणीतरी टर उडवतंय. काल रात्री ज्या माणसाने मला रडवलं, तो आज टेबल झाला.

आता घोडबंदरी म्हणणार की बस, इअरफोन, हे काय ऐकणं झालं. असेल. पण मला सांगा, फॅनने पैसे मोजायचे, रात्रीची बस करायची, घरी भांडायचं, आणि आवडलं नाही तर तोंडही उघडायचं नाही? ‘तुला कळत नाही’ हे वाक्य फार स्वस्त आहे हो. कळलं. आवडलं नाही.

घोडबंदरी

एकेकाला उत्तर देतो. जरा लांबेल, ऑफिसातून लिहितोय.

बेलापूर, तू तोंड उघड, खुशाल उघड. बंगळुरूला मीही जाणार होतो, तिकीटही होतं, ऐन वेळी ताप आला. ती जखम अजून ओली आहे, तिच्यावर मीठ चोळू नकोस. पण तुझ्याच गोष्टीत उत्तर आहे. तुला ३० तारखेचा बँड ३१ तारखेलाही तसाच हवा होता. बंगळुरूला त्यांनी ‘लुलू’तलं एकही गाणं वाजवलं नाही, कारण तिथे आलेल्या प्रत्येकाला काय हवंय हे त्यांना माहीत होतं. तुला हवं ते त्यांनी एक रात्र दिलं. स्वतःला हवं ते एक अल्बमभर केलं. एवढीही सूट नाही?

अल्बम यायच्या आधीच मेटालिकाचे चाहते रीडला धमक्या देत होते. रीडने एका मुलाखतीत सांगितलंय, की माझे चाहते ‘मेटल मशीन म्युझिक’नंतर कधीच पळून गेले, मी आपला मजेसाठी करतो. ‘मेटल मशीन म्युझिक’ म्हणजे १९७५ चा तो अल्बम, चार बाजू नुसता गिटारचा फीडबॅक, आणि चौथ्या बाजूच्या शेवटी तबकडीची खाच अशी बंद केलेली की सुई उचलेपर्यंत आवाज संपतच नाही. रेकॉर्ड कंपनीला वेडावून दाखवायला काढला असं लोक म्हणाले. २००२ साली बर्लिनमध्ये झाइटक्रात्झर या वाद्यवृंदाने तोच गोंगाट स्वरलेखन करून व्हायोलिन-ट्रंपेटवर वाजवला. म्हणजे सत्तावीस वर्षांनी का होईना, कुणीतरी नीट ऐकलं.

काका, तुमचं टाळकऱ्यांचं उदाहरण डोक्यात घुमतंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक विचारतो. नवं काही केलं की टीका होतेच ना? किशोरीताईंनाही घराण्याची चौकट मोडली म्हणून ऐकावं लागलंच होतं. रेडिओहेड या रॉक बँडचा ‘किड ए’ २००० साली आला तेव्हा गिटार कुठे गेल्या म्हणून लोक बोंबलत होते, आज तो पाठ्यपुस्तकात असल्यासारखा आहे.

बेसवाली_वाशी

थांब थांब. हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की मला तो झोपेत मोडता येईल.

किशोरीताईंवर टीका झाली, आणि त्या थोर होत्या. म्हणून ज्याच्यावर टीका होते तो थोर? अरे, टीका माझ्या चुलतभावाच्या रॅपवरही होते. किशोरीताईंनी चौकट मोडली ती माईंकडून, म्हणजे आई मोगूबाईंकडून, वर्षानुवर्षं तालीम घेऊन, आतून तिचा प्रत्येक खिळा माहीत असताना. ‘किड ए’ही तसाच. त्यातल्या ‘इडिओटेक’मधला तो चार कॉर्डचा तुकडा पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या संगणकी रचनेतून घेतलाय. त्यांच्या जॉनी ग्रीनवुडने ओंद मार्तनो नावाचं वाद्य आणलं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. ‘ट्रीफिंगर्स’ ऐकताना वाटतं की सिंथेसायझर आहे, तर ते त्यांच्याच एड ओब्रायनच्या गिटारचेच सूर ताणून केलेलं. म्हणजे गिटार कुठे गेली नव्हती, तिचं रूप पालटलं होतं. हा प्रयोग. प्रत्येकाने आपली सवय घरी ठेवून यायचं. ‘लुलू’त मेटालिकाने आपली कुठली सवय सोडली? रीडने तरी कुठली? दोघं आपापलं बिऱ्हाड घेऊन एका खोलीत राहायला आले आणि मधे पडदा लावला.

आणि जे अल्बम लोकांनी हाणले आणि पुढेही कुणी उचलले नाहीत, ते हजारोंनी असतील. त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. म्हणून ‘बर्लिन’ आणि ‘किड ए’ ही दोनच नावं पुन्हा पुन्हा येतात.

पॅडवाला_रबाळे

बरेच दिवस नुसता वाचत होतो. रबाळे एमआयडीसीत माझा जॅम पॅड, म्हणजे बँडच्या सरावाची जागा, आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे. शेजारी पॅकेजिंगचं युनिट. त्यांचं मशीन सुरू झालं की आमच्या ड्रमरला फुकटचा मेट्रोनोम. इथे रोज पोरं येतात, म्हणून चार शब्द.

आमचाही बँड होता. आम्हीही ‘प्रयोग’ केला. नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या फेस्टला चौदा मिनिटांची एक रचना घेऊन गेलो. शब्द नाहीत, मधे दोन मिनिटं नुसता फीडबॅक, एक जण ट्रान्झिस्टरवर स्टेशन फिरवणार. सहाव्या मिनिटाला कोऑर्डिनेटरने साउंडवाल्याला खूण केली आणि मेन बंद. स्टेजवर आम्ही, ट्रान्झिस्टर तेवढा बॅटरीवर चालू, त्यावर शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज. लोकांनी त्या अंदाजाला टाळ्या वाजवल्या.

पुढची दोन वर्षं आम्ही सगळ्यांना हेच सांगत फिरलो, की लोकांना कळत नाही, या शहराला कव्हर बँडच हवेत, इत्यादी. मग एकदा त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सापडलं. ऐकलं. अहो, भयंकर होतं ते. बेस आणि गिटार वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये, आणि ते मुद्दाम नव्हतं. फीडबॅकची दोन मिनिटं कारण पुढे काय वाजवायचं ते ठरलंच नव्हतं. आळसाला आम्ही प्रयोग नाव दिलं होतं. मेन बंद करणाऱ्याने उद्धटपणा केला, ते आहेच. पण त्याचे कान ठीक होते.

म्हणून मला या वादात दोन्हीकडचं पटतं आणि दोन्हीकडचा राग येतो. टेबलावर हसणारी पोरं माझ्या पॅडवर येऊन सोळा वर्षं तीच पाच गाणी वाजवतायत, त्यांचा राग येतो. आणि ‘लोकांना कळत नाही’ म्हणणारा दिसला की मला तो ट्रान्झिस्टर ऐकू येतो.

अल्बमबद्दल विचाराल तर, दहातली तीन गाणी ठेवीन. ‘आइस्ड हनी’, कारण साधं आहे, साडेचार मिनिटांत आटोपतं. ‘ड्रॅगन’, वर दादा म्हणाले त्याच कारणासाठी. आणि ‘ज्युनियर डॅड’. बाकी सात गाण्यांवर अजून महिनाभर काम हवं होतं.

अर्ध्या_हळकुंडात

पॅडवाले दादा, तो चौदा मिनिटांचा कार्यक्रम मी पाहिलाय! मी प्रेक्षकांत होतो. हवामानाला टाळ्या वाजवणाऱ्यांतला मी एक. माफी असावी.

पॅडवाला_रबाळे

माफी नाही. पुढच्या वेळी स्लॉटचे पूर्ण पैसे.

मासुंदा

चिरंजीवांनी काल रात्री ते शेवटचं, एकोणीस मिनिटांचं लावलं. हेडफोन लावून खिडकीशी बसलो. बापाबद्दल आहे असं सांगितलं होतं. इंग्रजी सगळं कळलं नाही. तिथे मात्र टाळकरी नीट होते, बुवांना जागा होती. बोलणं संपल्यावर शेवटची आठेक मिनिटं नुसता एक सूर धरलेला आहे, तंतुवाद्यांचा. आमची मंडळी म्हणाली, झोपलात की काय. म्हटलं, तानपुरा चालू आहे, गवई उठून गेलाय, कोणीतरी बंद करायला हवा पण करवत नाही.

मघाचं ते सात मिनिटांचं गाणं मला अजूनही आवडलेलं नाही.

घोडबंदरी

काका, एक सांगू? हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेटालिकाचे कर्क हॅमेट आणि जेम्स हेटफिल्ड दोघंही खोलीतून उठून गेले आणि रडले, असं हॅमेटनेच सांगितलंय. हॅमेटचे वडील नुकतेच गेले होते.

बेसवाली, उत्तर दे आता.

बेसवाली_वाशी

ते रडले म्हणून मी रडायचं असं नाही. पण ठीक आहे, प्रामाणिकपणे लिहिते. आज ठाण्याहून येताना चौथ्यांदा लावलं, फक्त ते एकच. ऐरोली सोडल्यावर गाडी सिग्नलला उभी राहिली, रबाळे येईना. बाहेर कंपन्यांचे दिवे, डब्यात कोणी बोलत नव्हतं. त्या गाण्यात बेस जवळपास काहीच करत नाही. दोन-चार सूर, पुन्हा तेच. मी इतकी वर्षं ‘त्रुहिओला, त्यांच्या बेसवाल्याला, इथे काही कामच दिलं नाही’ म्हणत आले. आज पहिल्यांदा लक्षात आलं, की तो मुद्दाम काही करत नाहीये. हात बांधून उभा आहे, काकांच्या टाळकऱ्यासारखा. मला तसं वाजवता येईल का, माहीत नाही. माझा हात शिवशिवेल.

तर एक गाणं दिलं तुला. बाकी नऊ नाही. ‘मिस्ट्रेस ड्रेड’ तर मेले तरी नाही. आणि ज्या बँडला हे एवढं थांबता येतं, तो इतर ठिकाणी का थांबला नाही, हा माझा राग उलट वाढलाय.

बेलापूर_टू_बंगळुरू

मी ऐकणार नाही. त्या बसचा इअरफोन अजून कानात आहे.

पॅडवाला_रबाळे

रविवारी चार ते सहा स्लॉट रिकामा आहे, एका कव्हर बँडने रद्द केलाय. बेसवालीताई, हळकुंड, या. दोन तास एकच सूर धरून बघू, कोणाचा हात आधी शिवशिवतो ते. पॅकेजिंगवाल्यांना रविवारी सुट्टी असते, शांतता मिळेल.

कोपरीकर

मी पण येतो. वाजवता येत नाही, टेबल आणतो.